पोट नसलेल्या प्राण्यांची स्तुती

बालसाहित्यातल्या प्राण्यांना नावे ठेवणारे लोक हल्ली वाढले आहेत. ससा बोलतो कसा, वाघ भाजीभाकरीवर कसा जगतो, अस्वलाला चष्मा कशाला, असले प्रश्न हे लोक विचारतात. मुले विचारत नाहीत; यावरून समंजस कोण ते कळतेच. मराठी बालसाहित्याने दोनशे वर्षे खपून एक अवघड गोष्ट साधली आहे. मूल आणि प्राणी यांच्या गोष्टीतून त्याने प्राणी जवळजवळ पूर्ण काढून टाकला आहे आणि आता मूलही अर्धेअधिक दाराबाहेर आहे. एवढ्या मोठ्या कामगिरीचे कोणी जाहीर कौतुक केले नाही. ते करण्यासाठी हा लेखनप्रपंच.

हे यश पुण्या-मुंबईत मोजण्यात अर्थ नाही. तिथे फ्लॅटमधल्या कुत्र्याचाही वाढदिवस होतो, आणि त्याला कुत्रा म्हटलेले घरच्यांना खपत नाही. खरी कसोटी लागते ती टोकरखाड्यासारख्या ठिकाणी. टोकरखाडा सिल्वासात, म्हणजे दादरा नगर हवेलीच्या मुख्य गावात. हा प्रदेश ४९१ चौरस किलोमीटरचा. त्यातले सुमारे ४० टक्के जंगल, आणि २०११च्या जनगणनेप्रमाणे निम्म्याहून थोडी अधिक वस्ती आदिवासींची: वारली, कोकणा, धोडिया, काथोडी. टोकरखाड्यात सरकारी शाळा आहेत. खानवेल, दुधनी, मांदोनी या बाजूच्या पाड्यांवरचे एखादे पोर सिल्वासात शिकायला येते, तेव्हा ते नको तेवढे ज्ञान बरोबर घेऊन आलेले असते. ओला कोवळा पाला जास्त खाल्ला की शेळीचे पोट फुगते, हे त्याला ठाऊक असते. कोणता बैल डाव्या अंगाला जुंपायचा आणि कोणता उजव्या, खुडूक कोंबडीखाली अंडी कधी ठेवायची, पावसाळ्यात कोणत्या बिळात चिंबोरी असते आणि कोणत्या बिळात हात घालायचा नसतो, हेही ठाऊक असते. यातल्या कशालाही परीक्षेत गुण नाहीत, हे शिक्षणखात्याच्या दूरदृष्टीला शोभेसेच आहे. उद्या गुण दिले तर पहिला नंबर भलताच कोणी घेऊन जायचा.

अशा पोराच्या हातात आपण काय ठेवतो? पेंग्विन. गुळगुळीत कागदावरचा, गळ्यात मफलर घातलेला. त्याला शाळेत जायचा कंटाळा येतो, आई समजावते, मग तो जातो आणि गोष्ट संपते. पेंग्विन काय खातो, त्याला कोण खाते, अंड्यावर कोण बसते, याचा गोष्टीत पत्ता नसतो. गोष्टीतल्या प्राण्याला पोट नसते, हे या साहित्याचे पहिले आणि अढळ तत्त्व. पोट आले की भूक येते, भूक आली की शिकार येते, आणि मागोमाग शेण येते. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगिजांच्या तावडीतून मोकळे झाले. पेंग्विनाने मात्र अजून मुक्काम हलवलेला नाही, आणि तो हलवावा अशी कोणाची मागणीही नाही.

या परंपरेचा पाया भक्कम आहे. इसापच्या गोष्टी मराठीत पहिल्यांदा आल्या त्या तंजावरला, सरफोजीराजांच्या आश्रयाने, ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने १८०६ साली. पुढे १८२८ साली सदाशिव काशिनाथ छत्र्यांनी इसापनीती मराठी मुलांच्या घरात नेली. प्राण्याने शेवटच्या ओळीत तात्पर्य सांगून मोकळे व्हायचे, ही शिस्त तेव्हापासूनची. कोल्ह्याला द्राक्षे मिळाली नाहीत तर मिळाली नाहीत. मूल शहाणे झाले की कोल्ह्याचे काम संपले. तो रात्री उपाशी झोपला का, हे विचारण्याचा उद्धटपणा गेल्या दोनशे वर्षांत कोणी केलेला नाही.

इसापच्याही आधी आपल्या घरात चिऊ आणि काऊ होतेच. काऊचे घर शेणाचे, चिऊचे मेणाचे. पाऊस येतो, शेणाचे घर वाहून जाते, काऊ चिऊच्या दाराशी येतो. चिऊ आतूनच सांगते की बाळाला न्हाऊ घालते आहे, टीट लावते आहे, थांब. काही घरांत ही गोष्ट काऊला तापल्या तव्यावर बसवल्यावरच संपते. बोलायला शिकणाऱ्या मराठी मुलाला हे आपण घास भरवता भरवता सांगतो. घर गेलेल्याला दाराबाहेर कसे ताटकळत ठेवावे, याचे इतके लवकर आणि इतके मायेने दिलेले शिक्षण दुसरीकडे मिळणे कठीण. गृहनिर्माण संस्थांच्या कमिट्यांवर आज जी माणसे बसली आहेत, ती सगळी हीच गोष्ट ऐकत जेवली आहेत.

पंचतंत्राने मात्र थोडी अडचण केली. त्यातल्या प्राण्यांना पोट आहे. चंडरव कोल्हा निळीच्या हौदात पडतो तो गावात भुकेपायी शिरल्यामुळे. पहिल्याच तंत्राचे नाव ‘मित्रभेद’. दमनक नावाचा कोल्हा पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांच्यात विष कालवतो, सिंह बैलाला मारतो, आणि दमनकाची नोकरी पक्की होते. विष्णुशर्म्याने तीन मठ्ठ राजपुत्रांना सहा महिन्यांत शहाणे करायचे होते, म्हणून त्याने हा जालीम मार्ग धरला. आपली मुले राजपुत्र आहेत, पण मठ्ठ नाहीत. म्हणून मुलांसाठीच्या रंगीत आवृत्तीत बैल आणि सिंह यांची दोस्ती होते तिथेच पान उलटावे, हे बरे. दमनक कसा जिंकतो ते मुलांना पुढे नोकरीत कळेलच. आत्ताच सांगून उत्सुकता कशाला घालवा?

मूल आणि प्राणी या विषयाचा शिरोमणी म्हणजे मोगली. लेखकाने प्राण्यापासून किती लांब बसावे याचा आदर्शही तोच. मोगलीचा लेखक किपलिंग १८६५ साली मुंबईत जन्मला. ‘द जंगल बुक’ निघाले १८९४ साली. गोष्ट सिवनीच्या जंगलातली आणि ती लिहिली गेली अमेरिकेतल्या व्हर्माँटच्या बर्फात. पुढे जपानी चित्रकारांनी मोगलीला चड्डी घातली, आणि १९९०च्या दशकात दूरदर्शनने तो हिंदीतून मराठी घरांत आणला. सिवनी म्हणजे नागपूरच्या उत्तरेला शेजारचाच जिल्हा. तिथून घरी यायला पोराला एवढा वळसा घालावा लागला, तरी तो कुठे दमल्यासारखा दिसत नाही.

किपलिंगच्या हातूनही एक चूक झाली होती. त्याच्या मूळ गोष्टीत मोगली गावात येऊन म्हशी वळतो. शेरखान घळीत शिरल्यावर तो लांडग्यांच्या मदतीने कळपाचे दोन भाग करतो, रेडे एका तोंडाला आणि म्हशी-पारडी दुसऱ्या तोंडाला घालतो, आणि वाघाला तुडवून मारतो. म्हणजे वाघ मरतो तो गुराख्याच्या अक्कलहुशारीने. दुधनीकडचे पोर हे वाचून म्हणेल, बरोबर आहे, रेडे वरच्याच अंगाने घालायला हवेत. वाचकाने गोष्ट तपासावी, हा प्रसंग कोणत्याही लेखकावर येऊ नये. डिस्नेने १९६७च्या चित्रपटात या म्हशी काढून टाकल्या आणि वाघाच्या शेपटीला जळती फांदी बांधली. म्हशी गेल्या, गुराखी गेला, नाचणारे अस्वल राहिले. कलेचा विकास होतो तो असा.

आपल्याकडे अजूनही काही जुनाट पुस्तके घराघरांत पडून आहेत, त्यांच्यापासून मुलांना जपायला हवे. ‘पाडस’ हे त्यातले सर्वांत धोक्याचे. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची १९३८ची कादंबरी, १९३९ साली तिला पुलित्झर मिळाले, आणि राम पटवर्धनांनी ती इतक्या चांगल्या मराठीत आणली की पळवाटच उरली नाही. ज्योडी नावाचा मुलगा हरणाचे पाडस पाळतो. पाडस मोठे होते आणि उभे पीक खाते. पीक गेले तर घर उपाशी मरणार. तेव्हा बाप मुलाला सांगतो, याला गोळी घाल. इथे पोट नुसते आलेले नाही, एकदम दोन पोटे समोरासमोर आली आहेत, आणि त्यांचा निवाडा करायला लेखिकेने एका पोराला बसवले आहे. वाचून झाल्यावर मूल दोन दिवस बोलत नाही. मुलाला गप्प करणाऱ्या पुस्तकाला बालसाहित्य कसे म्हणायचे? दुसरे पुस्तक विलास मनोहरांचे ‘नेगल’. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात वाढलेल्या बिबट्याची ही हकिकत. तिच्यातला बिबट्या मांस खातो, नखे काढतो आणि शेवटपर्यंत बिबट्याच राहतो. एवढे प्रेम मिळूनही ज्याला साधे तात्पर्य सांगता येत नाही, त्याच्यावर पाने खर्च करण्यात काय हशील? त्यापेक्षा दिलीप प्रभावळकरांनी सोय चांगली केली: मुलाचेच नाव बोक्या सातबंडे ठेवले. घरात बोक्या आहे, दुधाचा खर्चही नाही.

पुस्तकांचे एक वेळ ठीक. शिक्षणातही असले प्रयोग झाले आहेत, तेही इथून फार लांब नव्हे. डहाणू तालुक्यात कोसबादच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी काम केले. बोर्डीला १९४५ साली सुरू झालेले काम १९५७ साली कोसबादला आले. वारल्यांची पोरे शाळेत येईनात, कारण ती गुरे वळायला जात. कोणत्याही समंजस खात्याने अशा वेळी गैरहजेरी मांडली असती आणि वर्षअखेरीला गळतीचा तक्ता पाठवून दिला असता. या दोघींनी शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. गुरे चरत राहिली, मुले शिकत राहिली. सरकारने एकीला पद्मभूषण आणि दुसरीला पद्मश्री दिली, आणि मग कुरणशाळा सगळीकडे काढण्याच्या संकटातून स्वतःची अलगद सुटका करून घेतली. सत्कार केला की अनुकरण करावे लागत नाही.

वाघबारशीचा मात्र अजून बंदोबस्त झालेला नाही. अश्विन वद्य द्वादशीला गावात वसुबारस असते, गाय-वासराची पूजा होते. त्याच तिथीला डोंगरातले आदिवासी वाघदेवाला पुजतात आणि आमची गुरे राख म्हणून सांगतात. म्हणजे खाली गाईची पूजा आणि वर तिला खाणाऱ्याची, एकाच दिवशी. काही गावांत गुराखी पोरांपैकीच कोणी वाघ होतो, कोणी अस्वल, कोणी कोल्हा, आणि बाकीची पोरे त्यांना पळवून लावतात. मूल आणि प्राणी यांचे हे नाटक दरवर्षी होते. त्याला लेखक नाही, प्रकाशक नाही, तात्पर्य नाही, आणि त्यातल्या वाघाला भूक आहे हे सगळ्यांना मान्य आहे. असले साहित्य छापले जात नाही, हीच काय ती समाधानाची बाब. वारली चित्रांबाबत आपण अधिक दक्ष राहिलो. मूळचे चित्र शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायचे. त्यातले बैल, कोंबड्या, मुंग्या आपण उचलून कॉफीच्या मगावर ठेवल्या आणि शेण तेवढे मागे राहू दिले.

टोकरखाड्यातल्या मुलाला खरा प्राणी पाहायचाच असेल, तर तीही सोय आहे. जवळच वासोण्याला सिंहांची सफारी आहे, पिंजऱ्याच्या गाडीत बसून सिंह बघता येतो. सिंह मोकळा आणि मूल पिंजऱ्यात, ही मांडणी फार शास्त्रीय आहे. सातमालियाला हरणांचे उद्यान आहे, तिथली हरणे कोणाचे पीक खात नाहीत. आणि सिल्वासाच्या आसपास, १९८०नंतर करसवलतींमुळे उभ्या राहिलेल्या कारखान्यांत पॉलिएस्टरचा धागा ढिगांनी तयार होतो. खेळण्यातल्या अस्वलाची लव पॉलिएस्टरचीच असते. ज्या बापाची शेळ्या-बैलांची विद्या मुलाच्या काही उपयोगाची उरली नाही, त्याला पाळीवर धागा गुंडाळायला लावणे यात प्रगतीची सगळी सूत्रे एकत्र आली आहेत. त्या अस्वलाला पोट असते, पण त्यात कापूस भरलेला असतो.

तेव्हा काळजीचे कारण नाही, पण सावध राहिले पाहिजे. वळचणीला बसून एखादे पोर आज ना उद्या गोष्ट लिहील. तिच्यात पोट फुगलेली शेळी असेल, तिच्या तोंडात नळी घालून तेल पाजणारी आजी असेल, रात्रभर जागलेले घर असेल, आणि सकाळी शेळी जगली की मेली हे पान उलटल्याशिवाय कळणार नाही. अशी गोष्ट मराठी मुले एकदा वाचू लागली तर पुन्हा पेंग्विनाकडे वळणार नाहीत, आणि दोनशे वर्षांची मेहनत पाण्यात जाईल. म्हणून पालकांना एकच विनंती. येत्या दिवाळीत भाच्या-पुतण्यांसाठी प्राण्यांचे पुस्तक घ्यायला गेलात, तर किंमत, कागद, चित्रे हे सगळे नंतर पाहा. आधी दुकानदाराला विचारा, यातला प्राणी काही खातो का? खातो म्हणाला, तर पुस्तक खाली ठेवा आणि दुसरे दाखवायला सांगा.