खोल्या शिल्लक : ३ (वाडीवाल्यांच्या पुतण्यांसाठी शास्त्रोक्त मार्गदर्शन)

नागावात समुद्राकडे जाणाऱ्या कुठल्याही गल्लीत शिरा, कुंपणाला टांगलेला फळा दिसतो : ‘राहण्याची व जेवणाची घरगुती सोय’. खाली खडूनं सुरमई थाळीचा आजचा भाव. भाव बदलला की घरातल्या काकू ओल्या बोटानं तेवढा आकडा पुसतात आणि नवा लिहितात. हे मार्गदर्शन काकूंसाठी नाही, त्यांना सगळं येतं. ते आहे त्यांच्या पुण्यातल्या इंजिनीअर पुतण्यासाठी, ज्यानं वाडीची वेबसाइट करून दिली आणि ऐन शनिवारी सकाळी ‘खोल्या शिल्लक : ३’ चं ‘२’ करताना पाहुण्याचा फोन गोठवला.

सर्वात लोकप्रिय पद्धत इनरएचटीएमएलची. इंटरनेट एक्सप्लोररच्या चौथ्या आवृत्तीबरोबर १९९७ साली ती अवतरली आणि घाईत असलेल्यांची कुलदेवता झाली. विधी सोपा आहे. यादीच्या इनरएचटीएमएलला अधिक-बरोबर लावून नवी ओळ चिकटवायची. एका ओळीत काम संपतं, म्हणजे तुमचं संपतं, ब्राउझरचं सुरू होतं. तो आधीची सगळी यादी पुन्हा मजकुरात उतरवतो, तुमची ओळ जोडतो, जुने घटक टाकून देतो आणि सगळं पहिल्यापासून वाचून नव्यानं उभं करतो. ‘खोली राखून ठेवा’ या बटणाला जोडलेलं फंक्शन जुन्या बटणाबरोबर गेलं. डोंबिवलीच्या पाहुण्यानं त्याच यादीतल्या चौकोनात अर्धा टाइप केलेला मोबाइल नंबरही गेला. नवं बटण दिसायला हुबेहूब तसंच, दाबलं की ढिम्म. पाहुणे कमी करायचे असतील, तर याहून खात्रीचा उपाय नाही.

पाहुणे हवेच असतील तर आकड्याभोवती एक स्पॅन ठेवावा, त्याला आयडी द्यावा आणि फक्त त्याचं टेक्स्टकंटेंट बदलावं. काकूंचं ओलं बोट ते हेच. बटणांचं ऐकण्याचं काम प्रत्येक बटणाकडे न देता सगळ्या यादीकडे द्यावं. मग बटणं येवोत-जावोत. पाहुण्यांचे अभिप्रायही टेक्स्टकंटेंटनंच दाखवावेत. इनरएचटीएमएलमधून आलेला स्क्रिप्ट टॅग चालत नाही, असं पुतण्या छातीठोकपणे सांगेल, आणि ते खरंही आहे. पण मोडक्या चित्राच्या ऑनएररमध्ये दडवलेली स्क्रिप्ट मजेत चालते. ‘सोलकढी छान होती’ या वाक्यामागून काय येईल, सांगता येत नाही.

आता मोजमापाचा सोस. पुतण्याला खोल्यांच्या सगळ्या चौकटी सारख्या उंचीच्या हव्या होत्या. म्हणून त्यानं लूप लावला : एकीची ऑफसेटहाइट विचारायची, तिची उंची बदलायची, मग दुसरीची विचारायची, तिची बदलायची. ब्राउझर मुळात समंजस असतो. बदल ऐकून घेतो, साठवतो आणि पुढचं चित्र रंगवण्याआधी एकदाच मांडणी करतो. मध्येच उंची विचारली, की खरं उत्तर देण्यासाठी त्याला तिथल्या तिथं मांडणी करावी लागते. सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या पडद्यावर एका चित्राच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद येतात. तेवढ्यात बारा वेळा मांडणी मागितली, तर स्वस्तातला फोन अडखळणारच. म्हणून आधी सगळं विचारून घ्यावं, मग सगळं लिहावं. लिहिणं रिक्वेस्टॲनिमेशनफ्रेममध्ये झालं तर उत्तम. नवे घटक बरेच असतील, तर डॉक्युमेंटफ्रॅगमेंटमध्ये पानाबाहेर जुळवून एकदम आणावेत. (सीएसएसच्या ग्रिडमध्ये एका ओळीतल्या चौकटी आपोआप सारख्या उंचीच्या होतात, हे पुतण्याला कोणी बोलू नये. पोरगं रात्रभर जागलंय.)

मराठी आकड्यांचा हट्ट धरणाऱ्यांसाठी खास सूचना. इंटल-नंबरफॉरमॅटला ‘एमआर-आयएन’ सांगितलं, की तो इमानदारीत देवनागरी ‘३’ छापतो. पुढची खोली गेली, की पानावरचा तो ‘३’ वाचून त्यातून एक वजा करण्याचा मोह होतो. पार्सइंटला देवनागरी येत नाही. उत्तर येतं ‘एन-ए-एन’, आणि मग पाहुणे फोन करून विचारतात, तांदळाच्या भाकरीऐवजी नान मिळेल का. खरा आकडा व्हेरिएबलमध्ये ठेवावा. पान फक्त दाखवण्यासाठी असतं, हिशेबाची वही म्हणून नाही.

एवढं ऐकून पुतण्या ‘रिॲक्ट घालूया’ म्हणेल. फेसबुकनं २०१३ साली ते खुलं केलं ते क्षणाक्षणाला पान बदलत राहणाऱ्या साइटींसाठी. पानाची एक प्रत स्मृतीत ठेवायची, नवी-जुनी ताडून पाहायची आणि फरक तेवढाच लावायचा, ही कल्पना चांगलीच आहे. पण इथं फरक आहे एका आकड्याचा, आणि तो काकूंना आधीच माहीत आहे.

काहीच बदलू नये, असा एक सनातनी पक्षही आहे. शेजारच्या आक्षीतला शिलालेख, शके ९३४ म्हणजे इ.स. १०१२ चा म्हणून ओळखला जाणारा, हा त्यांचा आदर्श. देवीच्या बोडणासाठी द्यायचं धान्य त्यावर एकदा कोरलं ते कोरलं. त्या पानाला स्क्रिप्ट लागत नाही, पण सुरमईचा भाव कळत नाही.

या पक्षाचं एक मात्र ऐकावं. फोन नंबर स्क्रिप्टनं भरू नये, साध्या एचटीएमएलमध्ये थेट लिहावा. रेंज गेली आणि स्क्रिप्ट अर्ध्यावर अडकली तरी नंबर दिसला पाहिजे. कारण तुमचा आकडा १६ मिलिसेकंदांत बदलो की १६ मिनिटांत, पाहुणा मांडव्याला उतरल्यावर फोन करणारच : ‘काकू, पानावर दोन खोल्या दाखवतंय. खरंच आहेत ना?’