लष्कराच्या भाकऱ्या आणि बिनपाण्याचा बंब

घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्याला आपण मूर्ख म्हणतो. मला या मूर्खाची स्तुती करायची आहे, आणि ती मनापासून करायची आहे. त्यातून तो दिंडोरी तालुक्यातला असेल, ऐन द्राक्षखुड्याच्या दिवसांत भरलेले क्रेट बांधावर टाकून दुसऱ्याच्या पेटलेल्या गंजीकडे पळत असेल, आणि गावासाठी बंब घ्यायचा विषय निघाला की ‘त्यात पाणी नसलं तरी चालेल’ असं म्हणत असेल, तर त्याच्या मूर्खपणाला तोड नाही.

समर्थ रामदासांनी नाशिकजवळच्या टाकळीला बारा वर्षं तप केलं असं सांगतात. पुढे दासबोधात त्यांनी मूर्खाची लक्षणं सांगितली, पढतमूर्खासाठी वेगळा समास लिहिला. परक्याची आग विझवायला फुकट धावणारा या दोन्ही समासांत मावत नाही. त्याच्यासाठी तिसरा समास लागेल.

शहाण्यांचा हिशेब आधी मांडतो, कारण तो चुकीचा नाही. बंब ही वर्षातले बहुतेक दिवस नुसती उभी राहणारी गाडी. ट्रॅक्टर नांगरतो, पिकअप माल नेते, टँकर उन्हाळ्यात पाणी पुरवतो. बंब कमावत काहीच नाही. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर बसतात, पंपाची सीलं सुकतात. म्हणून काम नसतानाही दर आठवड्याला ती चालू करायची, पंप फिरवून बघायचा, डिझेल जाळायचं. आणि एवढं करून सगळ्यांनी देवाकडे मागायचं काय, तर ही गाडी कधी लागू नये. जी वस्तू उपयोगाला येऊ नये अशी इच्छा आहे, तीच पैसे मोजून घ्यायची, हा सौदा कुठल्याही आडत्याला पटणार नाही. मला तो पूर्ण पटतो.

कारण दिंडोरी नाशिकपासून पंचवीसेक किलोमीटरवर आहे. भरलेला मोठा बंब या रस्त्यानं सरासरी ताशी चाळीसनं आला, तर दिंडोरीत पोहोचायलाच सदतीस-अडतीस मिनिटं लागतात. आग नानाशीकडच्या पाड्यावर असेल तर पुढची वाट वेगळीच. कडब्याची गंजी एवढी थांबत नाही. कुडाचं घर तर त्याहून कमी थांबतं. मोठ्या शहरातल्या जवानांचा यात काही दोष नाही. ते जीव तोडून येतात आणि तरी वरातीमागून घोडं ठरतं. अंतरच तसं आहे. मधल्या वेळात जे कोणी काही करतील ते गावातलेच असणार, मग त्यांच्या हातात काय असावं एवढाच प्रश्न उरतो.

इथे पहिला मोह होतो तो मोठ्या बंबाचा. दहा-बारा हजार लिटरची टाकी, वर शिडी, पुढे दिव्यांची माळ. उद्घाटनाच्या फोटोत तो शोभतो. पण पाणी लिटरला किलो भरतं. बारा हजार लिटर म्हणजे बारा टन, वर गाडीचं वजन निराळं. पालखेड-करंजवणच्या कालव्यांच्या कडेनं जाणारे रस्ते, पाणंदी, पाइप टाकून बुजवलेल्या मोऱ्या, वेशीवरच्या कमानी, बांधावर वाकलेल्या तारा, हे सगळं त्या गाडीला ओलांडायचं आहे. आणि बागेपाशी आल्यावर पुढे रस्ताच संपतो. मांडवाच्या किंवा वाय आकाराच्या द्राक्षबागेत ओळीच्या शेवटी ताण जमिनीत पुरलेले असतात. दोन ओळींतून लहान ट्रॅक्टर जातो, बंब जात नाही.

टाकीचा आकडाही फसवा आहे. मिनिटाला 1800 लिटर फेकणारा पंप 4500 लिटरची टाकी अडीच मिनिटांत कोरडी करतो. जपून दोनच नळ्या चालवल्या आणि मिनिटाला साडेचारशे लिटरवर भागवलं, तरी दहा मिनिटं. पुढे काय? पुढे बंब पाणी भरायला जातो आणि लोक धुराकडे बघत उभे राहतात. पाणी वाहून आणणाऱ्या गाडीपेक्षा जिथे आहे तिथून पाणी उचलणारी गाडी गावाला जास्त उपयोगाची, असं आमचा मूर्ख म्हणतो. त्याच्या बाजूनं मी या तालुक्याचा नकाशाच पुढे करीन.

करंजवण, पालखेड, वाघाड, ओझरखेड, पुणेगाव ही धरणं याच तालुक्यात आहेत. पण आग धरणाच्या काठावर लागत नाही, म्हणून त्यांच्याहून मोलाची आहेत ती शेततळी. 2016 पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत तळी झाली, द्राक्षवाल्यांनी त्याआधीही आणि नंतरही स्वतःच्या खर्चानं केली. तीस बाय तीस मीटरचं, तीन मीटर खोल तळं भरलं की वीस लाख लिटरच्या आसपास पाणी धरतं. जर्मनीतल्या खेड्यांत वर्षानुवर्षं वापरला गेलेला उचलता येणारा पंप मिनिटाला 800 लिटर पाणी आठ बार दाबानं देतो. तो अशा एका तळ्यावर चाळीस तासांहून जास्त चालेल. कुठल्या टाकीत हे बळ आहे?

विहिरींचं तसं नाही. ओढणारा पंप पाणी उचलतो ते बाहेरच्या हवेच्या दाबावर. समुद्रसपाटीला ती उंची हिशेबानं दहा मीटरच्या थोडी वर भरते. आपल्याकडे सहाशे मीटर उंचीवर ती साडेनऊच्या आसपास येते आणि प्रत्यक्षात सातेक मीटरच्या पुढे भरवसा नाही. उन्हाळ्यात पन्नास-साठ फूट खाली गेलेलं विहिरीचं पाणी बंबाला दिसतं, पण हाताला लागत नाही. विहिरीत पाणबुडी मोटर असते, पण शेतीची वीज ठराविक तासच असते आणि आग लागल्यावर पहिलं काम महावितरणला फोन करून लाइन बंद करून घेण्याचं. म्हणून पंप स्वतःच्या इंजिनावर चालणारा हवा. तळ्याच्या प्लास्टिक कागदाला भोक पडू नये म्हणून पंपाच्या ओढनळीच्या तोंडाला तरंगती जाळी हवी. द्राक्षाला एप्रिलच्या छाटणीनंतर पाणी लागतंच, त्यामुळे ज्याच्या तळ्यातून पाणी घेतलं त्याला ते टँकरनं परत भरून देण्याचा ठराव ग्रामपंचायतीनं आधीच केलेला हवा.

आता बिनपाण्याच्या बंबाकडे येतो. जर्मनीत सहा माणसं, एक उचलता पंप आणि नळ्या एवढंच घेऊन जाणारी छोटी गाडी कित्येक गावांत आहे. तिच्या मूळ रचनेत पाण्याची टाकीच नाही. जपानमध्ये सात लाखांहून अधिक स्वयंसेवक अग्निशामक आहेत, आणि त्यांच्यातल्या अनेक तुकड्या 660 सीसी इंजिनाच्या चिमुकल्या ट्रकवर पंप ठेवून डोंगरातल्या वाड्या सांभाळतात. बिनपाण्याचा बंब हे ऐकायला वेड वाटतं. दिंडोरीसाठी मी त्या वेडात थोडीच भर घालीन: पाचशे-सहाशे लिटरची टाकी ठेवा, म्हणजे नळ्या तळ्यापर्यंत पसरेस्तोवर पहिला मारा करता येईल. बाकी जागा नळ्यांना द्या. पंधरा मीटरच्या वीस नळ्या म्हणजे तीनशे मीटर. बंबाची लांबी नळीनं मोजावी, बॉडीनं नाही.

वजन कमी ठेवायला आणखी एक कारण आहे. आपल्या कायद्यात हलक्या वाहनाची मर्यादा 7500 किलो आहे, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं स्पष्ट केलं की हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला त्या मर्यादेतलं मालवाहू वाहन चालवायला वेगळी नोंद लागत नाही. गावात जड वाहनाचा परवाना असलेले चालक मोजके, आणि तेही बहुतेक माल घेऊन बाहेरगावी. पिकअप चालवणारी पोरं मात्र गल्लोगल्ली. साडेसात टनांच्या आतला बंब रात्री दोन वाजताही चालक मिळालेला बंब असतो. जर्मनीनं याच अडचणीपोटी 2009 नंतर स्वयंसेवक अग्निशामकांसाठी परवान्याच्या नियमात खास सवलत केली.

सगळ्यात कंटाळवाणी बाब म्हणजे नळीचं तोंड, आणि आमचा मूर्ख तिच्यावरच सगळ्यात जास्त वेळ घालवतो. आपल्याकडे 63 मिलिमीटरची जोडणी प्रमाण मानली जाते. स्वस्तात मिळाली म्हणून दुसरी घेतली, तर नाशिकहून मदतीला आलेल्या बंबाची नळी आपल्या पंपाला बसणार नाही. 1904 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराला आग लागली. वॉशिंग्टनहून, फिलाडेल्फियाहून बंब धावून आले आणि त्यांच्यातल्या कित्येकांच्या नळ्या तिथल्या नळखांबांना बसेनात. दीड हजारांहून अधिक इमारती गेल्या. तेव्हा ग्रामपंचायतीच्या बैठकीत रंग आणि नाव यांवर चर्चा चालू असताना एखादा माणूस जोडणीचाच मुद्दा धरून बसला, तर त्याला बसवू नका. बोलू द्या.

रंगाचंही एकदा ऐकून घ्यावं. लाल रंग दिवसा उठून दिसतो, पण अंधारात माणसाच्या डोळ्याला लाल आधी काळा पडतो. अमेरिकेतले दृष्टितज्ज्ञ स्टीफन सॉलोमन यांनी अपघातांचे आकडे तपासून दाखवलं होतं की पिवळट हिरवे बंब लाल बंबांपेक्षा कमी धडकतात. दिवे नसलेल्या शिवाररस्त्यांवर मी पिवळट रंगच निवडीन. लालच हवा असेल तर निदान मागे-पुढे चमकत्या पट्ट्या पुरेशा लावा.

बंब येईपर्यंत, किंवा बंब घेतला जाईपर्यंत, गावात एक बंब आहेच: द्राक्षावर औषध मारायचा ब्लोअर. साधारण सहाशे लिटरची टाकी, ट्रॅक्टरच्या पीटीओवर चालणारा पंप आणि दाब भरपूर. पाणी मिनिटाला तीस-चाळीस लिटरच पडतं, म्हणून पेटलेल्या चाळीपुढे तो अपुरा आहे. पण बांधावरचं गवत, उसाचं पाचट, कडेची ठिणगी यांना पुरतो. टाकी धुऊन स्वच्छ पाण्यानं भरून ठेवली पाहिजे, एवढंच. औषधाचं पाणी आगीवर मारलं तर धुरातून ते माणसांच्याच छातीत जाईल.

राहता राहिली माणसं. फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिननं 1736 मध्ये शेजाऱ्यांची अग्निशमन मंडळी उभी केली. प्रत्येकानं चामड्याच्या बादल्या घरच्या आणायच्या होत्या. चिलीमध्ये 1851 पासून अग्निशामक बिनपगारी आहेत, उलट स्वतःच वर्गणी भरतात. इतकं लांब जायचीही गरज नाही. याच तालुक्यात वाघाड धरणावर, ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकारानं, 1990 च्या दशकात शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था काढल्या आणि कालव्याचं पाणी मोजून घेऊन आपापसांत वाटायला सुरुवात केली. पाण्याची वाटणी हा भाऊबंदकीचा विषय. जी माणसं ती करू शकतात, त्यांना एक पंप सांभाळणं जड नाही. आणि बोलावणं कसं पोहोचेल ही चिंता असेल, तर एका फोनवर अख्ख्या गावाच्या मोबाइलवर आवाज पोहोचवणारी ग्रामसुरक्षा यंत्रणा नाशिक जिल्ह्याला ओळखीची आहे. चोरासाठी वाजते ती आगीसाठीही वाजेल.

या वेडाला एक कुंपण मात्र घातलंच पाहिजे. अमोनियावर चालणारं शीतगृह, स्पिरिटच्या टाक्या, रसायनांचा कारखाना, इथे गावच्या पोरांनी आत पाऊल टाकायचं नाही. माणसं लांब न्यायची, वाऱ्याची दिशा बघायची, रस्ता मोकळा ठेवायचा आणि व्यावसायिक दलाची वाट बघायची. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला तेव्हा 66 अग्निशामक गेले, आणि ते प्रशिक्षित होते. फुकट काम करणाऱ्याचा जीव फुकटचा नसतो. म्हणून हेल्मेट, बूट, जाड अंगरखा आणि विमा आधी. सायरन आणि दिव्यांची माळ नंतर.

दिंडोरीच्या गावकऱ्यांनो, आगीचे दिवस फेब्रुवारीपासून सुरू होतात. तेव्हा 26 जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. सहा नावं लिहा, त्यांचा विमा उतरवा, एक उचलता पंप आणि 63 च्या जोडणीच्या वीस नळ्या मागा, आणि कोणत्या शेततळ्यापर्यंत गाडी जाते त्याची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. गाडीसाठी निधी पुढच्या वर्षी मिळाला तरी चालेल, तोवर पंप कुणाच्याही पिकअपमध्ये बसतो.