एकट्याने काकडण्याचा छंद

ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या मुदतीत, पण शर्यत न लावता पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 600 ला 40. नियम पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबचे. पहिला-दुसरा नंबर नसतो, त्यामुळे हरल्याचे सुखही नाही. मदतीची गाडी फक्त ठरलेल्या नाक्यांवर चालते. मधले पंक्चर ज्याचे त्याने काढायचे.

कार्तिकातल्या पहाटे पसरणीचा घाट चढताना सायकलस्वार घामाने निथळतो आणि पाचगणीहून वाईकडे उतरताना त्याच घामाने गारठतो. हवा 10 अंश आणि वेग ताशी 30 किलोमीटर असला, तर अंगाला ती 7 अंशांच्या आसपास भासते. महागडे जाकीट इथे अपुरे पडते. जुने शर्यतपटू उतारावर छातीशी वर्तमानपत्र कोंबत: वारा अडतो, आणि अग्रलेख कुणाच्या तरी काळजाला भिडतो.

बोटे बधिर झाली की ब्रेक उशिरा दाबला जातो, म्हणून आधी हातमोजे, मग फोटो. प्रत्यक्षात क्रम उलटा. एकांत हा या प्रवासाचा मुख्य लाभ मानतात, आणि त्याची खबर प्रत्येक नाक्यावरून सगळ्या ग्रुपांना कळवतात.

फेरी मुदतीत संपली की पदकाचा हक्क मिळतो. पदकाचे पैसे वेगळे पडतात.