शेजाऱ्याचा शिलिंग

दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब ठेवायची पाळी ज्याच्यावर एकदा आली आहे, त्याला अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधला ओव्हरसीअर नात्यातला वाटेल. मी एक वर्ष आमच्या इमारतीचा खजिनदार होतो, म्हणून मला तर तो मावसभावच वाटतो. ओव्हरसीअर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे खडीच्या ढिगाशी टेप घेऊन उभा असलेला गृहस्थ येतो. हा तो नव्हे. हा गरिबांचा ओव्हरसीअर.

१६०१ च्या कायद्याने ठरवून दिले होते की प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावाने, आपले गरीब आपणच सांभाळायचे. त्यासाठी घर-जमीन बाळगणाऱ्यांकडून पट्टी घ्यायची. घरपट्टी, पाणीपट्टी, तशी ही गरीबपट्टी म्हणू या. ती बसवायची, दारोदार फिरून वसूल करायची, वाटायची आणि वर्षाअखेर गावापुढे पै-पैचा हिशेब ठेवायचा, हे सारे ओव्हरसीअरने. ईस्टरच्या सुमाराला गावातल्या खात्यापित्या घरांतले दोघे-तिघे या कामावर नेमले जात. पगार नाही. नको म्हटले तर दंड.

यात खरी गंमत अशी की देणारा, घेणारा आणि वाटणारा हे तिघेही रविवारी एकाच चर्चमध्ये बसत. लांबच्या सरकारला कर दिला की पैसा कुठे गेला हे कळत नाही, आणि न कळण्यात एक सुख असते. इथे ते सुख कुणालाच नव्हते. आपला शिलिंग कुठल्या विधवेच्या चुलीत जळतो आहे हे शेतकऱ्याला धुरावरून कळत असणार. तिने नवी टोपी घातली तर ती आपल्याच पैशांची, असे बाकीच्या टोप्यांना वाटत असणार.

ससेक्समधल्या ईस्ट होथली गावात टॉमस टर्नर नावाचा दुकानदार होता. कापडापासून किराण्यापर्यंत सगळे विकायचा, कुणाचे मृत्युपत्र लिहून द्यायचा, कुणाचे हिशेब करून द्यायचा, आणि गरिबांचा ओव्हरसीअरही झाला. १७५४ ते १७६५ अशी अकरा वर्षे त्याने रोजनिशी लिहिली, म्हणून तो आपल्याला इतका जवळून दिसतो. गावाची सभा, तिला व्हेस्ट्री म्हणत, भरायची बहुधा पबात. गरिबाला बूट द्यायचे की नाहीत यावर तावातावाने बोलून घसा कोरडा पडला की ओला करायची सोय तिथेच. टर्नर घरी येऊन सभेतल्या शिव्याशापांबद्दल हळहळतो आणि पुढच्याच एखाद्या नोंदीत आपण स्वतः किती प्यालो याबद्दल हळहळतो. त्याने स्वतःला नियमही घालून घेतला होता: कडक बिअरचे चारच ग्लास, एक राजासाठी, एक राजघराण्यासाठी, एक मित्रांसाठी आणि एक जमलेल्या मंडळींसाठी. संयमालाही एवढी राजनिष्ठा लागते हे मला ठाऊक नव्हते. नियम टिकला नाही, हे सांगायला नकोच.

ओव्हरसीअरांच्या हिशेबवह्यांतल्या नोंदी वाचताना मला खर्चापेक्षा माणसेच जास्त दिसतात. कुणाला आठवड्याला एक शिलिंग, कुणाला दीड. कुणाच्या पोराला बुटांचा जोड. कुणाला सदरा, कुणाला जळण, कुणाचे थकलेले भाडे. आणि मग एक दिवस शवपेटी, प्रेताला आंघोळ घालणाऱ्या बाईचे पैसे आणि खांदेकऱ्यांची बिअर. ज्यांच्याबद्दल दुसरे कुणी एक ओळ लिहिली नसती, त्यांचे चरित्र गावाने संशयापोटी लिहून ठेवले. ही वही मुळात ओव्हरसीअर पैसे खातो की काय हे बघण्यासाठी होती.

व्हेस्ट्रीने नाही म्हटले तर गरीब माणूस उठून मॅजिस्ट्रेटकडे जाई. हे मॅजिस्ट्रेट म्हणजे बहुतेक आसपासचे जमीनदार किंवा पाद्री. म्हातारीचे रडगाणे ऐकून साहेबांचे मन द्रवे आणि ते हुकूम सोडत: हिला आठवड्याला अमुक द्या. गावकरी चडफडत. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला काय जाते? शेवटी १७२३ मध्ये कायदा झाला की आधी गावाकडे मागितले होते आणि गावाने नाकारले, असे शपथेवर सांगितल्याशिवाय मॅजिस्ट्रेटने हुकूम देऊ नये. त्याच कायद्याने गावांना आणखी एक युक्ती हाती दिली. मदत हवी ना, मग वर्कहाऊसमध्ये, म्हणजे काम करून राहायच्या गरीबखान्यात, राहायला या. येत नसाल तर काही मिळणार नाही. शिवाय गरिबांना सांभाळायचा मक्ताही देता येऊ लागला. रस्त्याचा मक्ता, पुलाचा मक्ता, तसा माणसांचा. मक्तेदार ठरलेल्या पैशात त्यांना जेवू घालणार आणि ताटात उरेल तो त्याचा नफा. ताट किती भरले जाई, हे कळायला हिशेबाची वही उघडावी लागत नाही.

पण खरी शोभा हद्दीवर. १६६२ च्या कायद्याप्रमाणे माणूस ज्या गावचा, त्याच गावाने त्याला पोसायचे. मग तो कुठल्या गावचा? इथे सगळ्या देशाची अक्कल पणाला लागली. एका गावात वर्षभर चाकरी केली की त्या गावचा होता येई, म्हणून शेतकरी गड्याला एक्कावन्न आठवड्यांसाठीच ठेवत. बावन्नाव्या आठवड्याला त्याने कुठे जायचे ते त्याने बघावे. लग्नाविना जन्मलेले मूल जिथे जन्मेल त्या गावच्या माथी, म्हणून दिवस भरत आलेल्या बाईला ढकलत ढकलत शेजारच्या हद्दीत नेऊन सोडल्याचे प्रकार घडले. हे लिहितानाही माझे हसू मावळते. आणि बायको लग्न झाले की नवऱ्याच्या गावची, म्हणून परगावचा नवरा सापडला तर गाव गरीबपट्टीतून लग्न लावून द्यायला तयार. अंगठी गावाची, जेवण गावाचे, नवरदेव राजी नसला तर तो पळू नये म्हणून सोबतही गावाची. कन्यादान इतक्या उत्साहाने करणारी सभा जगात दुसरीकडे झाली नसेल.

ही भांडणे पार लंडनच्या वरच्या न्यायालयापर्यंत जात. एका बाईने कुठल्याच गावावर हक्क नसलेल्या माणसाशी लग्न केले आणि तो मेला, तर तिचे माहेरचे गाव तिला परत मिळते का? मुख्य न्यायाधीश सर जॉन प्रॅट यांनी सांगितले की नवरा असेपर्यंत तिचा हक्क टांगलेला राहतो आणि तो मेला की पुन्हा जिवंत होतो. या निकालाचे वकिलांनी चक्क पद्य केले. बाईचे पुढे काय झाले, ते पद्यात नाही.

पैशाला पाय फुटतात ते जेवणाच्या वेळी. फ्रान्सिस ग्रोस याने बाजारू बोलीचा एक कोश केला, तो १७८५ मध्ये पहिल्यांदा निघाला. पुढच्या एका आवृत्तीत ‘मूल खाणे’ असा वाक्प्रचार दिला आहे. अर्थ असा: अनौरस मुलाचा बाप गावाला एकरकमी पैसे देऊन मोकळा होई, आणि त्या सौद्यात गावकारभाऱ्यांना मेजवानीही देई. ती झोडणे म्हणजे मूल खाणे. पूर्वीचा चालू भाव दहा पौंड आणि ‘तुपकट हनुवटी’, असेही कोशकाराने नोंदवले आहे. कोशकार हसवतात ते असे, चेहरा न हलवता.

पुढे पार्लमेंटने सगळ्या गावांकडून आकडे मागवले. १७८३ ते १७८५ या वर्षांची सरासरी निघाली: गरिबांवर एकूण खर्च वर्षाला सुमारे २० लाख पौंड. त्यात कोर्टकचेऱ्या, हुकूम आणि जबान्या यांवर ५५ हजारांच्या वर. गरिबांविषयी विचार करायला जमलेल्या सभांच्या खाण्यापिण्यावर ११ हजारांच्या वर. आणि गरिबांना काम मिळवून देण्यावर, जे १६०१ च्या कायद्याचे एक मुख्य कलम होते, जेमतेम १६ हजार. गरीब आपला नव्हेच हे शाबीत करायला, त्याला काम देण्याच्या तिपटीहून जास्त पैसा लागला. मी खजिनदार असताना हे आकडे हाती असते तर बऱ्याच सभा लवकर आटोपल्या असत्या. किंवा नसत्याही.

आणि गरीब माणूस एवढा बापडा होता असेही कुणी समजू नये. एसेक्समधल्या गावांना बाहेरगावी राहणाऱ्या त्यांच्याच गरिबांनी पाठवलेली पत्रे जपून राहिली आहेत. शब्द कानाला ऐकू आले तसे लिहिलेले. शुद्धलेखनाच्या नावाने आनंद. पण हिशेब चोख. आजारी आहे, भाडे थकले आहे, कृपा करून थोडे पाठवा. नाही पाठवलेत तर बायकोमुलांसह गावाला परत यावे लागेल, आणि मग आपल्याला जास्त खर्च पडेल. विनंती आणि धमकी एकाच ओळीत, शेवटी नम्र सेवक म्हणून सही. गावाला भीती कशाची वाटते, हे या माणसांना गावाइतकेच नेमके कळले होते, आणि पैसे पुष्कळदा येतही.

ईस्टरला वही नव्या ओव्हरसीअरच्या हाती जाई. जुना सुटकेचा श्वास सोडून आता स्वतः शंका काढायला मोकळा, नवा पहिल्या पानावर आपले नाव लिहून शाई वाळवत बसलेला. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या दारी म्हातारी येणार, आणि तिला आधी उंबऱ्यावर थांबून घरात कुत्रा आहे का ते बघावे लागणार. मागच्या ओव्हरसीअरच्या कुत्र्याशी तिची चांगली ओळख झाली होती.