पोटरीत गोळा, गावभर सल्ले

थंडी पडली की नाशकात दोन गोष्टी हमखास घडतात. निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर येतो आणि गंगापूर रोडवर माणसं धावायला लागतात. जानेवारीत ‘नाशिक रन’ असते, मविप्र या शिक्षणसंस्थेची मॅरेथॉन असते आणि त्यात भर म्हणून एखाद्या भावी नगरसेवकाला आपल्या प्रभागाच्या आरोग्याची काळजी वाटू लागते. मग फुकट टी-शर्ट वाटले जातात. त्यांच्या पाठीवर भाऊंचा हात जोडलेला फोटो असतो, त्यामुळे मागून धावणाऱ्याला अख्खी शर्यत भाऊंच्या तोंडाकडे बघत पुरी करावी लागते. वेग वाढवून पुढे जावं तर पुढच्याच्या पाठीवरही भाऊच!

तयारीचं म्हणाल तर ती खरेदीपासून सुरू होते. आधी बूट, मग घड्याळ, मग पोटऱ्यांवर चढवायच्या त्या घट्ट बाह्या. धावणं त्यानंतर, जमेल तसं. गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर पूर्वी भेटलेला माणूस ‘यंदा द्राक्षाला भाव काय?’ म्हणून विचारायचा. आता ‘पेस काय चालू आहे?’ विचारतो. त्याला खरा आकडा सांगणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. द्राक्षाचा भाव कमी करून सांगायचा आणि पेस वाढवून, हा व्यवहार सगळ्यांना पाठ असतो.

आणि मग एका रविवारी सोमेश्वरच्या पुढे कुठेतरी पोटरीत गोळा येतो.

ज्याने तो पाहिला नाही त्याला त्याचं वैभव कळायचं नाही. चांगला गृहस्थ, बँकेत मॅनेजर वगैरे, पळता पळता एकदम विजेच्या खांबाला मिठी मारतो. पायाचा अंगठा आपला आपण वाकडा होतो. कातडीखाली लिंबाएवढा टणक गोळा डोळ्यांदेखत इकडून तिकडे सरकतो आणि मॅनेजरसाहेबांच्या तोंडून कर्जदारालाही कधी ऐकवले नसतील असे शब्द बाहेर पडतात.

दोन मिनिटांत भोवती पाच जण. गाडी बाजूला लावून एक जण विचारतो, ‘काय करू राहिले भाऊ?’ मग निदान सुरू. पहिला म्हणतो, पाणी कमी पडलं. दुसरा म्हणतो, पाणी जास्त झालं, मीठ कमी पडलं. एका काकांच्या मते हा शुद्ध वात. ट्रॅकसूटवाला खिशातून मॅग्नेशियमची गोळी काढतो आणि तिची किंमतही सांगतो. कोणीतरी केळं पुढे करतं. केळं चांगलंच, पण ते पोटातून रक्तात उतरेपर्यंत शर्यतीनंतरचा चहासुद्धा संपलेला असतो. या गर्दीत दूधवाला तेवढा काही न बोलता खाली बसतो, टाच धरतो आणि पायाचा चवडा नडगीच्या दिशेने दाबून धरतो. गोळा सुटतो. आभार मात्र गोळीवाल्याचे मानले जातात.

मिठाची गोष्ट अगदीच हवेतली नाही. शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडच्या कोळसा खाणींत घामाने निथळणाऱ्या मजुरांना असेच पेटके यायचे. घामातून मीठ जातं, तेव्हा पाण्यात मीठ घालून द्या, असं तेव्हाच्या संशोधकांनी सांगितलं. पण खाण कुठे आणि जानेवारीतली सकाळची गंगापूर रोडची हवा कुठे! इथे कानटोपी काढायची हिंमत होत नाही, घाम कुठून यायचा? तरी गोळे येतातच. दक्षिण आफ्रिकेतले डॉक्टर मार्टिन श्वेलनस यांनी 1997 साली वेगळं म्हणणं मांडलं आणि पुढे लांब पल्ल्याच्या धावपटूंचं रक्तही तपासलं. पेटका आलेल्या आणि न आलेल्या धावपटूंच्या क्षारांत सांगण्यासारखा फरक सापडला नाही. त्यांच्या मते दोष थकव्याचा. स्नायूत ‘आखड’ म्हणून सांगणारी एक यंत्रणा असते आणि तो जिथे हाडाला बांधलेला असतो त्या दोरीत ‘सोड’ म्हणून सांगणारी दुसरी. स्नायू दमला की पहिली बोंबलत राहते आणि दुसरी रजेवर जाते. पाय ताणला की दुसरीला कामावर हजर व्हावं लागतं. म्हणजे पाच जणांत शास्त्र कळलं ते दूधवाल्याला.

गोळा कोणाला येतो, तर ज्याला आधी येऊन गेलेला असतो त्याला आणि आपल्या ताकदीपेक्षा जोरात सुटतो त्याला. हे दुसरं कारण मात्र नाशकात कोणी ऐकून घेत नाही. कारण त्यावर विकत घेण्यासारखं काही मिळत नाही. सुरुवातीच्या रेषेवर डीजे लागलेला, झुंबा झालेला, पालकमंत्र्यांनी झेंडा हलवलेला आणि वर ड्रोन फिरतंय. अशा वेळी हळू कोण सुटेल? ड्रोनखालून माणूस जातो तो थेट ऑलिम्पिकच्या वेगाने. पुढच्या वळणावर ड्रोन नसतं. खांब असतो.

ऑलिम्पिकवरून आठवलं. याच जिल्ह्यात, हरसूलच्या बाजूला डोंगरात सावरपाडा आहे. तिथल्या कविता राऊतने 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर 33 मिनिटं 5 सेकंदांत संपवून कांस्यपदक घेतलं. 1958 च्या मिल्खा सिंगनंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत भारताला राष्ट्रकुलात मिळालेलं ते पहिलं पदक. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य, 2016 ला रिओची मॅरेथॉन. तिच्या गावात चढ चढायचा सराव करून देणारं ॲप नव्हतं, सगळीकडे नुसता चढच होता. आमच्या धावपटूंना तिचं कोण कौतुक! तिचा फोटो ग्रुपवर टाकून खाली सगळे बुटांची चौकशी करतात.

पण गोळ्यावरचा आणखी एक उपाय सांगायचा राहिला, लोणच्याचा. अमेरिकेत 2010 मध्ये केव्हिन मिलर आणि सहकाऱ्यांनी विजेचा झटका देऊन मुद्दाम पेटका आणला आणि काकडीच्या लोणच्याचं आंबट पाणी पाजलं. साध्या पाण्यापेक्षा गोळा लवकर, म्हणजे साधारण दीड मिनिटात सुटला. इतक्या वेळात ते पाणी रक्तात पोहोचणं शक्य नव्हतं. म्हणजे घशाला झणका बसला आणि मज्जातंतूंचा गोंधळ थांबला, असा तर्क. पोटॅशियमच्या वाहिन्यांची रचना उलगडून 2003 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलेले रॉडरिक मॅकिनन त्याही पुढे गेले. समुद्रात कयाक वल्हवताना त्यांना स्वतःला गोळे आले, म्हणून त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर आलं, दालचिनी आणि मिरचीचा तिखटजाळ घोट तयार करून बाजारात आणला. त्याचा गुण येतो की नाही, यावर चाचण्यांचं अजून एकमत नाही.

वाचून आमच्या नाशिककरांची छाती फुगणार हे उघड आहे. गरम मसाला आणि मिरचीचा घोट! म्हणजे मिसळीची तर्रीच की! आतापर्यंत ती शर्यत संपल्यावर खात होतो, एवढीच काय ती चूक. यंदा निदान एका आयोजकाने तरी सोळाव्या किलोमीटरवर पाण्याच्या टेबलाशेजारी तर्रीचं पातेलं ठेवावं. भाऊंचा बॅनर तिथे आपोआप लागेल. अडचण एकच दिसते. तर्रीचा वाटी-दोन वाटी घोट घेऊन नाशिकचा माणूस पुढे पळेल, की तिथेच बसून पाव आणि बारीक चिरलेला कांदा मागेल, यावर मॅकिननसाहेबांनी अजून काही काम केलेलं नाही.