करकोच्याचा पाय

पूर्व ट्रान्सिल्व्हानियाच्या डोंगरात राहणाऱ्या हंगेरियन लोकांकडे गार्डोन नावाचं वाद्य असतं. दिसायला थेट चेलो, फक्त सुताराने घाईत उरकलेला. त्याला गज लागत नाही. तारांवर काठीने मारायचं आणि मधूनच एक तार बोटाने खेचून सोडायची, की ती लाकडावर सणकन आपटते. काम एकच, ताल धरण्याचं. जुन्या रीतीत नवरा फिडल वाजवी आणि बायको गार्डोन. त्याची सुरावट कितीही गिरक्या घेवो, ठेका सांभाळणारी काठी तिच्या हातात. ही व्यवस्था ज्याने लावली त्याने संसार नीट पाहिलेला असावा.

याच ट्रान्सिल्व्हानियात १९२३ साली संगीतकार ग्यॉर्गी लिगेती जन्मले. सत्त्याहत्तरीच्या उंबऱ्यावर, २००० साली, त्यांनी हंगेरियन कवी शांदोर व्होरेशच्या सात कवितांना एक गायिका आणि चार तालवादक यांच्यासाठी संगीत दिलं आणि शीर्षक उचललं ते चक्क एका बडबडगीतातून. त्या गीतातल्या करकोच्याच्या पायाला रक्त येतंय. तुर्की पोराने तो कापला, हंगेरियन पोर बरा करणार. औषध काय, तर शिट्टी, ढोल आणि बोरूचं फिडल! शीर्षक हेच. आपल्याकडच्या आजीने निदान हळद तरी दाबली असती. मध्य हंगेरीवर तुर्कांनी सुमारे दीडशे वर्षं राज्य केलं. तो सगळा सल पोरांच्या तोंडी झिजत झिजत इतका लहान झाला, की पक्ष्याच्या पायात मावला.

ही गाणी ज्याच्यासाठी लिहिली, तो अमादिंदा वृंद १९८४ सालचा, बुडापेस्टचा. नाव मात्र युगांडातल्या लाकडी पट्ट्यांच्या वाद्यावरून घेतलेलं. जन्मभर काठ्या चालवलेले हे चार गडी. पाचवं गाणं सफरचंदाच्या स्वप्नाचं, आणि तिथे लिगेती त्यांच्या हाती देतात माउथ ऑर्गन. मग इतका वेळ ठोकत बसलेली ही माणसं अगदी हलक्या श्वासाने स्वर धरून राहतात, जणू फांदीवरच्या त्या फळाची झोप मोडली तर जाब त्यांनाच द्यावा लागेल. एवढी जपणूक तालवादकांकडून मागावी, हे लिगेतींनाच सुचावं.

सातही गाणी मिळून पाव तासाच्या आसपास होतात. जरूर ऐका. भाषा येत नाही म्हणून अडू नका. दुसऱ्या गाण्यातले शब्द हंगेरियन माणसालाही कळत नाहीत, कवीने ते नुसत्या ठेक्यासाठी रचले आहेत.