चि. फोडास खुले पत्र

चि. फोड, मुक्काम उजवी टाच, यास अनेक उत्तम आशीर्वाद.

‘चि.’चा अर्थ मनावर घेऊ नकोस, रीत म्हणून लिहिलंय. चिरंजीव तू मुळीच व्हायचं नाहीस. आणि पत्र खुलं असलं तरी तू बंदच राहा, ही पहिली विनंती.

आपल्याकडे तळहातावरच्या फोडाला केवढा मान! लेकरांना जपायचं तर त्याच्यासारखं. तळपायाच्या बिऱ्हाडाला मात्र कुणी विचारत नाही. म्हटलं, निदान एक पत्र तरी टाकावं.

तुझा जन्म रविवारचा, सातारा हिल हाफ मॅरेथॉनमधला, यवतेश्वरच्या घाटातला. २१ किलोमीटरपैकी चौथा चालू होता. आधी टाचेत नुसतं हुळहुळलं. तिथेच थांबून बूट काढला असता, मोजा सारखा केला असता, एक पट्टी चिकटवली असती, तर तू जन्मालाच आला नसतास. पण नेमक्या त्याच वेळी साठीच्या एक काकू शेजारून पुढे निघाल्या आणि जाता जाता म्हणाल्या, “थांबताय का?” आता सांग, थांबणार कसा?

लोक म्हणतात, बूट चावला. बुटाला दात नसतात. घामाने ओली झालेली कातडी मोज्याला धरून बसते आणि आतलं टाचेचं हाड प्रत्येक पावलाला मागेपुढे सरकतं. या ओढाताणीत कातडीचे थर आतल्या आत सुटतात आणि मधल्या फटीत पाणी भरतं. तोच तू. एकत्र कुटुंबात होतं तसंच, वरून सगळं अखंड आणि फूट आतून.

तुझं पितृत्व मी नाकारत नाही. साडेसात हजारांचे बूट शर्यतीच्या तीन दिवस आधी घेतले, तेही सकाळी. धावताना पाय सुजतात, म्हणून बूट संध्याकाळी घ्यावेत, अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवावी आणि आधी काही आठवडे ते रोजच्या धावण्यात मुरवावेत, हे मी इतरांना नेहमी सांगतो. मोजे मेव्हण्याने दिलेले, ‘शंभर टक्के कॉटन’. साताऱ्याच्या पावसात ते जे भिजले ते पोहोचेपर्यंत भिजलेलेच राहिले. चढावर टाच बुटात वरखाली होत राहिली. शेवटच्या भोकापर्यंत नाडी ओवून ती आवळली असती तर टाच जागेवर राहिली असती. उतारावर बोटं पुढे आदळली आणि तुझे दोन धाकटे भाऊ झाले.

मग सल्लागार आले. एकाने हळद सांगितली, एकाने टूथपेस्ट. तिसरा म्हणाला, सुईत दोरा ओवून आरपार काढ आणि दोरा आतच राहू दे, म्हणजे पाणी झिरपत राहील. जंतूंना आत शिरायला दोरखंडच की! डॉक्टरीणबाईंनी मात्र तुझ्याकडे कौतुकाने पाहिलं. “हात लावू नका. वरचं कातडं हेच उत्तम बँडेज. फारच ताणला गेला तर इथे या, निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढू, छत तसंच ठेवू. पू झाला, लाली पसरली किंवा ताप आला तर मात्र लगेच या.” मग माझ्या वडिलांकडे वळून म्हणाल्या, “आणि तुम्हाला शुगर आहे, तुम्ही घरी सुई हातातसुद्धा घ्यायची नाही.”

मला हसू आलं. मग तुझ्या घराण्याचा इतिहास वाचला आणि हसू गेलं. १९२४ साली अमेरिकेचे अध्यक्ष कॅल्विन कूलिज यांचा सोळा वर्षांचा मुलगा व्हाइट हाउसच्या कोर्टावर मोजे न घालता टेनिस खेळला. पायाच्या बोटाला फोड आला, त्यातून जंतू रक्तात गेले आणि आठवडाभरात मुलगा गेला. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून चार वर्षं होती.

तुझ्या बंदोबस्ताचं साहित्य औषधाच्या कुठल्याही दुकानात मिळतं. कागदी सर्जिकल टेप, ड्रेसिंगवर लावतात ती. २०१६ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२८ धावपटू ती आधीच पायाला चिकटवून टप्प्याटप्प्याने २५० किलोमीटर धावायला उतरले. टेप लावलेल्या जागी फोड ४० टक्क्यांनी कमी. २५० किलोमीटर म्हणजे जवळपास आळंदी ते पंढरपूर. तेवढं अंतर दर आषाढीला साध्या चपलांवर कापणारी माणसं आहेत. त्यांच्या तळपायांना मुक्कामावर कुणीतरी तेल चोळतं, फोडांना मलम लावतं, की सकाळी दिंडी पुढे. माझ्यासारखी पत्रं लिहीत बसत नाहीत.

कळावे. लोभ नसावा.

तुझा,
(लंगडत) जन्मदाता

ता. क. मेव्हण्याने पुढच्या शर्यतीसाठी तसलेच आणखी दोन जोड पाठवलेत. हिने ते फरशी पुसायला काढले. पाणी फार छान टिपतात म्हणे.